वही कोणाच्या हाती?

वाराणसीच्या चौक भागातून कुंज गलीत शिरले की रेशमी कापडाच्या गद्द्यांची रांग लागते. पांढऱ्या चादरींनी झाकलेल्या गाद्या, लोडाला टेकून बसलेले मालक, समोर उलगडून ठेवलेली जरीकामाची साडी आणि कोपऱ्यात लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही, हे या गद्द्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे रूप आहे. महाराष्ट्रातील लग्नघरी जो बनारसी शालू येतो, त्याचा पहिला जमाखर्च अशाच एखाद्या वहीत मांडला जात असे. वही लिहिणारा मुनीम मालकापासून हातभर अंतरावर बसे. कोणत्या गावचा व्यापारी दिवाळीपूर्वी पैसे देतो, कोणाची हुंडी दोनदा परत आली, कोणत्या विणकराला किती उचल गेली, हे त्याला पान न उलटता सांगता येई.

लाल वही आजही विकत घेतली जाते, दिवाळीला तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, ‘शुभ लाभ’ लिहिले जाते. अनेक गद्द्यांवर तिचे काम तेवढ्यावरच संपते. खरा हिशेब शहराच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या कर सल्लागाराच्या कचेरीतील संगणकावर असतो. महिन्यातून एकदा बिलांची पिशवी तिकडे जाते किंवा बिलांची छायाचित्रे मोबाईलवरून पाठवली जातात, आणि ठरलेले मासिक शुल्क दिले की मालक मोकळा होतो. उद्योगजगतात ज्याला आउटसोर्सिंग म्हणतात, ते हेच. गद्दीवर मात्र त्याला कोणी हे नाव देत नाही.

मोठ्या कंपन्यांनी ही वाट फार आधी धरली. ब्रिटिश पेट्रोलियमने 1991 मध्ये आपल्या युरोपातील तेल उत्खनन व्यवसायाचे लेखाकर्म स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे एका सल्लागार संस्थेकडे सोपविले. या पद्धतीचा तो पहिला मोठा करार मानला जातो. ब्रिटिश एअरवेजने 1996 मध्ये मुंबईत स्वतःचे सेवाकेंद्र उभारले आणि 2002 मध्ये त्यातील मोठा हिस्सा विकून तेच काम बाहेरचे म्हणून करून घेणे सुरू ठेवले. जनरल इलेक्ट्रिकने 1997 मध्ये गुरगावात सुरू केलेले केंद्रही पुढे स्वतंत्र कंपनी झाले. परदेशी कंपन्यांची देयके तपासणारी, येणी वसूल करणारी, महिनाअखेरीस पुस्तके बंद करणारी हजारो तरुण माणसे त्यानंतर मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई येथे तयार झाली. भारताच्या दृष्टीने आउटसोर्सिंग म्हणजे बाहेरून येणारे काम, अशीच समजूत त्या काळात रुजली. भारतातील लहान व्यापारीही आपली वही बाहेर देऊ लागेल, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हे चित्र वेगाने पालटले. तोपर्यंत कापडाचा व्यापार अप्रत्यक्ष कराच्या जाळ्याबाहेर बराचसा राहिला होता. आता प्रत्येक बिलाला क्रमांक आला, विक्रीचे विवरण महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि कराचा भरणा 20 तारखेपर्यंत करणे आले. 2021 पासून 5 कोटींपर्यंतच्या उलाढालीसाठी तिमाही विवरणाची सोय झाली. तरी नियमांतील बदल, दुरुस्त्या आणि सूचना यांचा वेग जुन्या मुनिमाच्या आवाक्यात राहिला नाही. त्याला हिशेब येत होता, पोर्टल येत नव्हते. दोन्ही येणारा माणूस पगारावर ठेवणे लहान गद्दीला परवडत नाही. त्यामुळे वीस-पंचवीस दुकानांनी मिळून, एकमेकांना न विचारता, एकाच कचेरीकडे वह्या सोपवल्या तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. हा निर्णय चुकीचाही म्हणता येत नाही. जे काम दुसरा अधिक चांगले व कमी खर्चात करतो ते त्याच्याकडे देणे हा व्यापाराचाच स्वभाव आहे. रेशीम रंगवायला रंगाऱ्याकडे जाते, नक्षीचा आराखडा नक्शाबंदाकडे.

आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. वही लिहिण्याचे काम दिले गेले, आणि त्याच पिशवीतून नकळत वही वाचण्याचे कामही गेले.

याचा अर्थ काय होतो, हे बनारसच्या विणकराइतके कोणाला ठाऊक नसेल. मदनपुरा किंवा अलईपुरा भागातील मागावर बसणारा कारागीर माल गिरहस्ताला देतो, गिरहस्त गद्दीदाराला. विणकराच्या नावे किती साड्या जमा झाल्या, किती उचल वजा झाली, कोणत्या दोषासाठी किती कपात झाली, हे सारे दुसऱ्याच्या वहीत लिहिलेले असते. कपात अन्यायाची वाटली तरी दाखवायला त्याच्याजवळ कागद नसतो. पुढच्या तारखेचा धनादेश हाती घेऊन तो घरी जातो. त्याची वही पिढ्यान्‌पिढ्या ‘बाहेर’ आहे. तीही त्याच्या निवडीने नव्हे. गद्दीदार स्वतःच्या खुशीने जेव्हा आपली वही अशाच रीतीने दुसऱ्याच्या स्वाधीन करतो आणि तिच्याकडे पुन्हा पाहत नाही, तेव्हा तो विणकराच्याच ओळीत जाऊन बसतो, एवढे तरी त्याच्या ध्यानात यायला हवे.

उदाहरण अगदी साधे आहे. गद्दीवरून पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील दुकानाला माल गेला. बिल झाले, पण महिनाअखेरच्या घाईत बाहेरच्या कचेरीत ते विवरणात चढवायचे राहिले. 1 जानेवारी 2022 पासून नियम असा आहे की विक्रेत्याने विवरणात दाखवलेल्या बिलावरच खरेदीदाराला कराची वजावट मिळते. पुण्याच्या दुकानदाराला वजावट मिळत नाही, तो पुढची रक्कम अडवून धरतो. गद्दीवरच्या मालकाला वाटते, पुण्याकडची बाजारपेठ मंदावली आहे. विवरण वेळेवर गेले नाही आणि कर थकला, तर वार्षिक 18 टक्के दराने व्याज लागते. जबाबदारी कोणाची, याविषयी कायद्याने शंका ठेवलेली नाही: विवरण कर व्यावसायिकामार्फत दाखल केले असले, तरी त्यातील मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी नोंदणीधारकाचीच राहते. शुल्क घेणारा एक, दंड भरणारा दुसरा.

या शहराला हा प्रश्न नवा नाही. अठराव्या शतकात तो फार मोठ्या प्रमाणावर येथे उभा राहिला होता. 1775 मध्ये बनारसचा मुलूख अवधच्या नबाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. त्याच सुमारास कंपनीचे मराठ्यांशी युद्ध सुरू झाले. बंगालच्या तिजोरीत पैसा होता, मुंबईच्या तिजोरीत खडखडाट होता आणि मधल्या मुलखातून नाण्यांच्या थैल्या नेणे धोक्याचे होते. तेव्हा कंपनीच्या मदतीला आले ते बनारस आणि सुरत येथील सराफ. बनारसच्या गोपालदास-मनोहरदास यांच्या पेढीच्या आणि सुरतेच्या अर्जुनजी नाथजी यांच्या हुंड्यांवर पश्चिम किनाऱ्याकडे रकमा पोहोचू लागल्या. पुण्याविरुद्ध लढणाऱ्या फौजेचा खर्च काही अंशी काशीतल्या पेढ्यांवरून चालला होता, ही गोष्ट मराठी वाचकाला थोडी बोचेल. पण हुंडीला पक्ष नसतो, तिला हुंडणावळ असते.

येथे पाहण्यासारखे हे की, पैसा हलवण्याचे काम कंपनीने सराफांवर सोपवले, हिशेब मात्र स्वतःकडे ठेवला. तिचे कारकून प्रत्येक व्यवहार लिहीत आणि त्यांच्या नकला जहाजाने लंडनला जात. संचालकांना तिथे बसून, महिनोन्‌महिने उशिरा का होईना, प्रश्न विचारता येत. बंगालच्या नबाबांनी याच्या उलट केले होते. मुर्शिदाबादची टांकसाळ, महसुलाचा भरणा, दिल्लीकडे जाणारी खंडणी, सारे जगत्‌शेठांच्या पेढीच्या हाती गेले होते. 1757 मध्ये सिराजउद्दौल्याला गादीवरून खाली खेचण्याच्या कारस्थानात जगत्‌शेठ सामील झाले, तेव्हा त्यांच्यापाशी फौज नव्हती. खजिन्याची पूर्ण माहिती होती. कंपनीने ही गोष्ट जवळून पाहिली होती. 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने महसुली खजिना मुर्शिदाबादहून कलकत्त्याला हलवला, आणि जगत्‌शेठांच्या पेढीचे महत्त्व ओसरत गेले.

मराठ्यांच्या कारभारातही या दोन्ही तऱ्हा सापडतात. काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा घाट या परिसरात आजही जी मराठी घराणी नांदतात, त्यांपैकी अनेकांचे येणे पेशवाईतले. त्या काळातील सर्वांत जाणत्या कारभाऱ्याच्या आडनावातच हिशेबाचा ‘फड’ आहे. नाना फडणवीस यांच्या अमदानीत मामलतदारांचे हिशेब पुण्याच्या हुजूर दफ्तरात येऊन तपासले जात. नानांचे 1800 मध्ये निधन झाले, आणि पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याची पद्धत बळावली. जो अधिक रक्कम बोलेल त्याला मामलत. सरकारला ठरलेला पैसा विनासायास मिळू लागला, परंतु कोणत्या गावाची किती ऐपत आहे, कोणते गाव उजाड होत चालले आहे, हे कळण्याचे द्वार बंद झाले. आजच्या भाषेत बोलायचे तर पेशव्यांनी महसूल खाते आउटसोर्स केले होते, आणि तेही अहवाल न मागता. याहून जुनी आणि याहून शहाणी व्यवस्था शिवकालीन किल्ल्यांवर होती. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी एकाच किल्ल्यावर असत. एकाकडे हुकमत, दुसऱ्याकडे हजेरी व जमाखर्च, तिसऱ्याकडे कोठारे. एकट्याच्या फितुरीने किल्ला जाऊ नये, हा त्यामागील हेतू.

लिहिणारा आणि तपासणारा एक असू नये, हे तत्त्व आजच्या कायद्यातही आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचे लेखाकर्म करता येत नाही. जगाने हे नीट मनावर घेतले ते एन्रॉन बुडाल्यावर. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्पामुळे हे नाव महाराष्ट्राला चांगलेच परिचित आहे. या कंपनीने 1990 च्या दशकात आपले अंतर्गत लेखापरीक्षणही बाहेर दिले, आणि तेही आर्थर अँडरसन या तिच्याच वैधानिक लेखापरीक्षकांना. डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून अशा दुहेरी भूमिकेला बंदी घातली. भारतातील लहान पेढ्यांना कंपनी कायदा लागू नसतो. तेथे जमाखर्च लिहिणारी, विवरण भरणारी आणि शेवटी ताळेबंदावर सही करणारी मंडळी एकाच दारातून आत-बाहेर करताना दिसली, तर मालकाने स्वतःच तिसरा माणूस व्हावे, दुसरा इलाज नाही.

घरातली वही सुरक्षित आणि बाहेरची धोक्याची, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या पत्राने कबूल केलेला हजारो कोटींचा खोटा जमाखर्च कंपनीच्या आतच लिहिला गेला होता. त्यातील सर्वांत मोठी खोटी रक्कम ‘बँकेतील शिल्लक’ या सदराखाली होती, हे बँकेत काम करणाऱ्यांनी कधी विसरू नये. चाळीस वर्षे सेवा केलेला मुनीमही मालकाला फसवू शकतो, आणि तो फसवतो तेव्हा अधिक सहजतेने फसवतो, कारण त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. बाहेरच्या चांगल्या कचेरीत दोन-तीन माणसांच्या नजरेखालून नोंद जाते, संगणकात कोणी काय बदलले याची खूण राहते. कंपन्यांसाठी तर 1 एप्रिल 2023 पासून अशी बदलांची नोंद पुसता न येणारी संगणकप्रणाली वापरणे सक्तीचे झाले आहे. भिंतीच्या आत की बाहेर, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो.

बँकेच्या शाखेत हा विषय रोज वेगळ्या रूपाने समोर येतो. कॅश क्रेडिट खात्याचे मालसाठा विवरण दरमहा येते, व्यवस्थित टंकलेले, बेरजा अचूक. कर्ज अधिकारी विचारतो, ‘तीन महिन्यांपूर्वीची ही येणी अजून वसूल का झाली नाहीत?’ मालक उत्तरतो, ‘हिशेबवाल्यांना विचारून सांगतो.’ या उत्तराने अधिकारी सावध होतो, आणि त्याने व्हावेच. ताळेबंद खोटा असेल असे नाही. पण तो मालकाने वाचलेला नाही, एवढे सिद्ध झाले. सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर 2019 पासून विशिष्ट ओळख क्रमांक असतो आणि तो बँकेला पडताळून पाहता येतो. सही खरी आहे की नाही, हे त्यातून कळते. माल गोदामात आहे की नाही, हे गोदाम उघडल्यावरच कळते. आणि आपल्या धंद्याची मालकाला किती जाण आहे, हे समोरासमोरच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात. कागद जितके सुबक होत जातील तितके हे बोलणे वाढवायला हवे, असे अनुभवी शाखाधिकाऱ्यांना वाटते ते उगाच नव्हे.

बँका स्वतःही कितीतरी कामे बाहेरून करून घेतात. एटीएममध्ये रोकड भरणारी गाडी बँकेची नसते, गावोगाव खाती उघडायला मदत करणारा व्यवसाय प्रतिनिधी बँकेचा नोकर नसतो. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2006 मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, तेव्हा काही कामे बाहेर देण्यास स्पष्ट मनाई केली: अंतर्गत लेखापरीक्षण, नियमपालनावरील देखरेख, कर्जमंजुरीचा निर्णय, गुंतवणुकीचे व्यवस्थापन. काम बाहेर दिल्याने ग्राहकाप्रति असलेले बँकेचे दायित्व कमी होत नाही, हेही त्यात बजावले. म्हणजे हात बाहेरचे चालतील, निर्णय घरचा हवा. बनारसच्या गद्दीलाही ही विभागणी तशीच्या तशी लागू पडते. नोंदी कोणीही कराव्यात. उधारी कोणाला द्यायची, पैसे कोणाला सोडायचे आणि महिनाअखेरीस बँकेच्या खातेउताऱ्याशी वही जुळते की नाही, ही तीन कामे मालकाच्या घरातून हलता कामा नयेत.

चौथी गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. कराच्या पोर्टलवर नोंदवलेला मोबाईल क्रमांक कोणाचा? अनेकदा तो सल्लागाराचा असतो, कारण नोंदणी त्यानेच केलेली असते आणि दर वेळी मालकाला फोन करून ओटीपी मागणे दोघांनाही त्रासाचे वाटते. डिजिटल सहीची किल्लीही त्याच्याच खणात असते. या सोयीने पेढीचा शिक्का परक्या घरात राहतो. करविभागाची नोटीस सल्लागाराच्या मोबाईलवर येते आणि मालकाला ती पंधरा दिवसांनी, मुदत संपल्यावर कळते. सल्लागार बदलायचा म्हटले की गाडी खरी अडते: मागील तीन वर्षांची संगणकीय पुस्तके कोणाची? करारच नसेल, आणि बहुधा तो नसतोच, तर थकलेल्या शुल्काच्या वादात ती अडकून पडतात. दरमहा पुस्तकांची एक प्रत मालकाकडे आली पाहिजे, आणि संबंध संपल्यावर किती दिवसांत सर्व माहिती परत द्यायची हे लेखी ठरले पाहिजे. अशा एका पानाच्या करारास कोणताही सचोटीचा व्यावसायिक हरकत घेणार नाही. कित्येक सल्लागार स्वतःच ग्राहकाच्या मागे लागतात की उतारे पाठवा, येण्यांची यादी एकदा पाहून घ्या. दाद मिळत नाही म्हणून तेही पुढे थांबतात.

हा बदल करायला 1 एप्रिल हा दिवस सोयीचा. जुने वर्ष मिटलेले असते, शिल्लक पुढे ओढायची असते, आणि पोर्टलवरील मोबाईल क्रमांक बदलायला अर्धा तासही लागत नाही. कुंज गलीत एप्रिलच्या सुमारास लग्नसराईची गर्दी असते खरी. पण दुपारी जेवणानंतर गद्दी तासभर शांत असते, आणि पूर्वी त्याच वेळी मुनीम मालकाला दिवसाचा मेळ वाचून दाखवीत असे.